आई-बाबा पहिल्यांदा परदेशात येताहेत : रस्ता ओलांडण्याबद्दल नेमकं काय सांगावं?

सोनकी | ४ मे, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे येताहेत. आम्ही डॅलसजवळच्या एका उपनगरात राहतो. बाबांना सकाळ-संध्याकाळ चालायला लागतं, त्यात खाडा झालेला त्यांना खपत नाही. बाग आणि भारतीय किराणा दुकान दोन्ही घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, पण मध्ये सहा लेनचा रस्ता आहे. वेगमर्यादा ताशी ४५ मैल, म्हणजे ७२ किलोमीटर, आणि गाड्या त्याहून जोरात जातात. फूटपाथवर चिटपाखरू नसतं, त्यामुळे चालणारं कोणी असेल हे गाडीवाल्यांच्या ध्यानीमनीही नसतं.

दोघांचंही सगळं आयुष्य कोल्हापुरात गेलंय. दाभोळकर कॉर्नरला केएमटी, एसटी, रिक्षा आणि दुचाक्यांच्या गराड्यातून ते रोज रस्ता ओलांडतात. त्यामुळे "जपून ओलांडा" एवढं सांगून काही साधणार नाही, ते जपूनच ओलांडतात. मला जाणून घ्यायचंय ते हे, की त्यांची कोणती सवय इथे अंगाशी येऊ शकते, आणि कोणती कामाची आहे. विमा, औषधं, बॅगेचं वजन यावर ढीगभर माहिती मिळते. यावर कोणी धड लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हा धागा.

---

रानवाट | ४ मे, रात्री १०:३५

चांगला विषय काढलात. सगळ्यात आधी दिशेचं. भारतात वाहनं डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे रस्त्यात पाऊल टाकताना पहिला धोका उजवीकडून येतो आणि मान आपोआप तिकडे वळते. अमेरिकेत पहिली गाडी डावीकडून येते. कळायला सोपं आहे, पण मानेला कळायला वेळ लागतो. विन्स्टन चर्चिल डिसेंबर १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर असेच गाडीखाली आले होते. इंग्लंडच्या सवयीने भलतीकडे पाहून पुढे निघाले आणि पुढे बरेच दिवस अंथरुणाला खिळले. उलट बाजूने वाहनं चालणाऱ्या देशांतून येणाऱ्यांचा घोळ लंडनमध्ये होतो, म्हणून तिथे कितीतरी ठिकाणी रस्त्यावरच मोठ्या अक्षरांत 'लुक राइट' रंगवलेलं असतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपण भारतात निम्मा रस्ता कानाने ओलांडतो. मागून रिक्षा आली की ती हॉर्न देते, बस जवळ आली की तिचा आवाज बदलतो. अमेरिकेत हॉर्न नाही. कोणी हॉर्न दिला तर तो भांडणाचा असतो. म्हणजे शांत रस्ता आणि मोकळा रस्ता हे आपल्या डोक्यात एक झालेलं असतं, आणि तिथे ते एक नसतं. त्यात आता इलेक्ट्रिक गाड्या. युरोपात जुलै २०२१ पासून नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना ताशी २० किलोमीटरपर्यंत कृत्रिम आवाज सक्तीचा आहे, अमेरिकेतही तसा नियम आहे, पण तो आवाज बारीक असतो. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी तो असून नसल्यासारखाच.

तिसरं, हात दाखवून गाडी थांबवणं. ताशी २५-३०ने येणाऱ्या गाडीला हात दाखवला तर ती हळू होते, बगल देऊन जाते. ७२ने येणारीला हात दाखवून काही होत नाही.

कामाची सवय म्हणाल तर दोन्हीकडे बघत राहण्याची. राँग साइडने येणाऱ्या दुचाक्यांमुळे आपल्याला ती लागलेली असते. ती अजिबात सोडायला सांगू नका.

---

पाणंद | ५ मे, सकाळी ७:२०

मी अमेरिकेतच एका शहराच्या वाहतूक विभागात सिग्नलच्या वेळा ठरवण्याचं काम करते. माझ्याही घरी आई-बाबा येऊन जातात, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहिते. जरा लांबेल.

आधी तुमचा सहा लेनचा रस्ता. एक लेन साधारण १२ फुटांची, म्हणजे रस्ता ७२ फूट, जवळपास २२ मीटर. सत्तरीतला माणूस सेकंदाला सुमारे एक मीटर चालतो असं धरलं तर पलीकडे पोचायला २२ सेकंद. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. बाबा पलीकडे पोचेपर्यंत गाडी ४४० मीटर कापून आलेली असते. म्हणजे पाऊल उचलताना जवळपास अर्धा किलोमीटर लांब असलेली गाडीसुद्धा धोक्याची! एवढ्या लांबच्या गाडीचा वेग कोणाच्याच डोळ्यांना कळत नाही, ती जागच्या जागी उभी असल्यासारखी दिसते. म्हणून या रस्त्यावर मधूनच ओलांडणं नकोच. गाडी नाही असं दिसलं तरी नको. चौकापर्यंत जायचं, लांब पडलं तरी.

आता चौकातला सिग्नल. खांबावर बटण असतं. उपनगरातल्या बहुतेक चौकांत ते दाबलं नाही तर चालणाऱ्या माणसाचं पांढरं चित्र येतच नाही. गाड्यांचा हिरवा येतो आणि जातो, माणूस आपला उभाच. आणि गाड्यांचा हिरवा बघून निघालात तर वेळ पुरेलच असं नाही, कारण तो गाड्यांच्या हिशेबाने दिलेला असतो.

बटण दाबल्यावर पांढरा माणूस येतो तो बहुधा सातच सेकंद. मग लाल-केशरी हात लुकलुकायला लागतो आणि आकडे उलटे मोजले जातात. माझ्या बाबांसकट कितीतरी पाहुणे इथेच गडबडतात. दुसऱ्या लेनमध्ये असताना हात दिसला की त्यांना वाटतं वेळ संपली. मग काहीजण पळतात, काहीजण मागे फिरतात. दोन्ही वाईट. लुकलुकणाऱ्या हाताचा अर्थ एवढाच, की नव्याने कोणी उतरू नये. जे उतरलेत त्यांनी आपल्या चालीने पलीकडे जावं, कारण तेवढी वेळ मोजून ठेवलेली असते. हिशेब सेकंदाला साडेतीन फुटांचा. पूर्वी तो चार फुटांचा होता, २००९च्या अमेरिकी सिग्नल-नियमावलीत वयस्कांचा विचार करून कमी केला. तुमच्या ७२ फुटांना जवळपास २१ सेकंद मिळतात. म्हणून आई-बाबांना सांगा, पांढरा माणूस नुकताच आला असेल तरच उतरा. आपण चौकात पोचलो तेव्हा तो आधीच लागलेला असेल, म्हणजे कधी आला माहीत नाही, तर पुढच्या फेरीला जा. गुडघे दुखत असतील तर हे जास्तच पाळायचं.

आता वळणाऱ्या गाड्या. पांढरा माणूस आला म्हणजे सगळे थांबलेत असं नाही. टेक्सासमध्ये, आणि अमेरिकेत जवळपास सगळीकडे, तसा बोर्ड नसेल तर लाल सिग्नलला थांबून उजवीकडे वळायला परवानगी आहे. न्यूयॉर्क शहर हा मोठा अपवाद. वळणारा ड्रायव्हर गाडी रेषेच्या पुढे आणतो आणि डावीकडे मान करून गाड्यांमधली फट शोधत असतो. बाबा त्याच्या उजव्या हाताला उभे असतात आणि तो तिकडे बघतच नाही. फट मिळाली की निघतो. तशी गाडी उभी असेल तर तिच्या पुढून निघायच्या आधी ड्रायव्हरने आपल्याकडे मान वळवली का हे बघायचं. काच काळी असेल, डोळे दिसत नसतील, तर पुढचं चाक बघायचं. चाक फिरायला लागलं की गाडी निघाली.

हिरव्यावर डावीकडे वळणारे त्याहून वाईट. त्यांचं लक्ष समोरून येणाऱ्या गाड्यांत अडकलेलं असतं, आणि आपण त्याच दिशेने चालत असू तर गाडी आपल्या पाठीमागून, उजव्या खांद्याच्या बाजूने येते. म्हणून अर्ध्यात पोचल्यावर एकदा मागे वळून बघायला शिकवा.

आणखी एक. सिग्नल नसलेल्या जागी एखादा भला माणूस गाडी थांबवतो आणि हाताने 'या' म्हणतो. आपल्याकडचे लोक संकोचाने घाईत निघतात, त्याला ताटकळत कशाला ठेवायचं म्हणून. त्याच्या पलीकडच्या लेनमधल्या गाडीला आपण दिसत नसतो, कारण तीच थांबलेली गाडी आड येते. त्या गाडीच्या कडेशी येऊन थांबायचं, डोकावून बघायचं, मग पुढची लेन. ज्याने गाडी थांबवलीय तो थांबतो, त्याची काळजी नको.

---

कडुनिंब | ५ मे, सकाळी ११:०५

वाचून धडकी भरली. मला वाटतं एकटं जाऊच नका असं सांगणं बरं. आमच्या ओळखीतल्या एका काकूंना संध्याकाळी गाडीने उडवलं होतं, वाचल्या पण कंबरेचं हाड मोडलं. तीन महिन्यांसाठी येतात, तुम्ही घरी आलात की गाडीने बागेत न्या. उगाच जोखीम कशाला?

---

मुलुंडकर | ५ मे, दुपारी ४:५०

मी सत्तरी ओलांडलेला माणूस आहे. वर्षातले काही महिने मुलीकडे सिंगापूरला असतो, मुलगा अमेरिकेत असल्याने तिकडेही जाणं होतं. कडुनिंब यांची काळजी समजते, पण दिवसभर चार भिंतींत बसवून ठेवलेल्या माणसाचे हाल त्यांनी एकदा लक्षात घ्यावेत. मुलं कामावर, नातवंडं शाळेत, शेजारी कोणी बोलायला नाही. चालणं हा आमचा त्या दिवसातला एकमेव स्वतःच्या मर्जीचा भाग असतो. तो काढून घेऊ नका.

सोनकीताई, शिकवताना दोन गोष्टी सांभाळा.

पहिली, पती-पत्नी एकामागे एक चालतात. पुरुष पुढे, बाई दोन पावलं मागे. पुढचा बघतो, मागची त्याच्या पाठीवर भरवसा ठेवून येते. माझ्या पत्नीची चाळीस वर्षं हीच सवय होती. पुढच्याने पाहिलेली फट पुढच्याच्या पुरती असते. मागचं माणूस पोचेपर्यंत ती मिटलेली असते. आता आम्ही शेजारी-शेजारी ओलांडतो आणि दोघंही बघतो. तुमच्या आईंना स्वतंत्रपणे शिकवा. बाबांना सांगितलं की आईंना कळलं, असं धरू नका.

दुसरी, आमचे डोळे. मोतीबिंदू असेल, किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर तिन्हीसांजेला समोरच्या दिव्यांचं नुसतं फटफटीत वर्तुळ दिसतं. गाडी किती लांब ते कळत नाही. बायफोकल चष्म्यातून फूटपाथची कड धूसर दिसते, म्हणून म्हातारी माणसं ओलांडताना खाली बघतात. मुलांना वाटतं लक्ष नाही. लक्ष पायांकडे असतं, कारण पडण्याची भीती गाडीच्या भीतीइतकीच मोठी असते. कड कुठे उतरती केलेली आहे ते आधी दाखवून ठेवा, म्हणजे नजर वर राहील.

सिंगापूरला ज्येष्ठांसाठी एक सोय आहे, तीही सांगतो. काही सिग्नलच्या खांबावर कार्ड टेकवायची जागा असते. ज्येष्ठांचं सवलतीचं कार्ड टेकवलं की हिरवा माणूस काही सेकंद जास्त राहतो. ही सोय २००९ पासून आहे. वेळ जास्त मिळते हे माहीत असलं की पाय अडखळत नाहीत.

---

पाणंद | ५ मे, रात्री ८:१५

काका, एकामागे एक चालण्याचा मुद्दा मी कधी असा पाहिला नव्हता. लक्षात ठेवते.

अमेरिकेतही काही चौकांत बटण थोडा वेळ दाबून धरलं तर जास्त सेकंद मिळतात. सगळीकडे नाही. जिथे आहे तिथे बहुधा बटणाजवळ तशी पाटी असते.

---

शेवंती | ६ मे, पहाटे १:४०

जर्मनीतून लिहिते. इथे गाड्यांचा त्रास कमी, पण आपल्या लोकांना गाठणाऱ्या वस्तू दुसऱ्याच.

एक म्हणजे सायकली. फूटपाथला चिकटून, कधी फूटपाथवरच, सायकलींचा पट्टा असतो. रंग थोडा वेगळा, बहुतेक तांबडट, आणि आपल्याला तो फूटपाथचाच भाग वाटतो. सासूबाई बसमधून उतरून थेट त्या पट्ट्यावर उभ्या राहायच्या. सायकली आवाज न करता जोरात येतात. आमच्या घरी नियमच आहे, तांबड्यावर थांबायचं नाही, तो रस्ता समजून ओलांडायचा. नेदरलँड्सला जाणाऱ्यांनी तर हे पाठच करावं, तिथे असे पट्टे कित्येकदा दुतर्फा असतात.

दुसरी ट्राम. सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर गाडीने थांबायचंच असा इथे कायदा आहे आणि गाड्या थांबतात. त्याची सवय होते. पण ट्रामला तो नियम लागू नाही, पहिला हक्क तिचा. ती रुळावरून बाजूला होऊ शकत नाही आणि थांबायला तिला कारपेक्षा बरंच जास्त अंतर लागतं. एक ट्राम गेली की तिच्या पाठून लगेच निघू नये, पलीकडच्या रुळावरून दुसरी येत असते.

लाल सिग्नलला रस्ता पूर्ण रिकामा असला तरी लोक उभे राहतात. दंड तसा किरकोळ, ५ युरो. पण लहान मुलं बघत असतात आणि त्यांच्यासमोर लाल तोडलेला लोकांना आवडत नाही. आणि अमेरिकेसारखा लुकलुकणारा हात इथे बहुतेक ठिकाणी नाही. अर्ध्यात असताना थेट लाल होतो. घाबरायचं नाही, त्यातही पलीकडे पोचायची वेळ धरलेली असते.

हिवाळ्यात येणाऱ्यांसाठी: साडेचारला अंधार पडतो आणि आपले सगळे जाड कोट काळे-करडे. फिनलंडमध्ये अंधारात चालताना रिफ्लेक्टर लावायचा असा कायदाच आहे. इथे सक्ती नाही, पण मी सासऱ्यांच्या कोटाच्या बाहीवर चमकता पट्टा शिवून टाकला. हातावर शिवा, छातीवर नको. चालताना हात हलतो, तो ड्रायव्हरला लवकर दिसतो.

---

पर्वती_पायथा | ६ मे, सकाळी ९:३०

उलट्या बाजूचंही कोणी लिहिलं पाहिजे, म्हणून लिहितो. माझे भाचे-भाच्या सुट्टीत पुण्यात येतात. जन्म अमेरिकेतला. त्यांना झेब्रा क्रॉसिंग म्हणजे आपला हक्क असं शिकवलेलं, आणि कायद्याने आपल्याकडेही तो आहे. म्हणून भाची टिळक रोडवर झेब्र्यावरून खुशाल निघाली. मी दंडाला धरून मागे ओढली.

हक्क आहे हे खरं, आणि तो मागितलाच पाहिजे. पुणे महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन करते, लक्ष्मी रस्ता त्या दिवशी वाहनांना बंद असतो. चांगलं आहे. पण २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. मुलांना आधी घरी परत आणायचं असतं.

मी त्यांना असं शिकवतो. एकटं निघायचं नाही, ओलांडणाऱ्यांचा घोळका जमू द्यायचा आणि त्याच्या आतल्या अंगाला राहायचं, म्हणजे वाहनं येतात त्याच्या विरुद्ध बाजूला. निघालं की चाल एकसारखी ठेवायची. दुचाकीवाला आपण पुढच्या क्षणी कुठे असू याचा अंदाज बांधून मागून जायचं ठरवतो. आपण दचकून थांबलो किंवा मागे फिरलो की त्याचा अंदाज चुकतो. फर्ग्युसन रस्ता, जंगली महाराज रस्ता एकेरी आहेत, तरी बघायचं दोन्हीकडे. आणि बसशी अंदाज बांधायचा नाही, बसला जाऊ द्यायचं.

---

भटकभवानी | ६ मे, दुपारी १२:१५

पर्वती_पायथा यांचं शब्दन् शब्द हनोईला लागू आहे. आई-पप्पांना घेऊन गेले होते. होआन कीएम तळ्याजवळ दुचाक्यांचा लोंढा थांबतच नाही, युरोपातले पर्यटक कडेला खोळंबून उभे. एका स्थानिक आजींच्या शेजारी उभं राहून त्यांच्याबरोबर निघालो. हळू, एका चालीने, हात किंचित खाली धरून. दुचाक्या पाण्यासारख्या दोन्ही बाजूंनी वाहत गेल्या. पप्पांना जमलं, कारण त्यांना ठाण्यात तेच करायची सवय. पण तिथेही कार आणि बस बगल देत नाहीत, त्या आल्या की थांबायचं.

दुबईला जाणाऱ्यांनी मात्र यातलं काही करू नये. नेमून दिलेली जागा सोडून ओलांडलं तर दंड आहे, आणि रस्तेही सुसाट. तिथे पादचारी पूल किंवा भुयारी मार्गच.

---

सोनकी | १९ जून, रात्री १०:००

आई-बाबा येऊन स्थिरावलेत. तुमचं सगळं वाचून काय केलं ते सांगते, कोणाला उपयोग होईल.

घरी बसून काही समजावलं नाही. पहिल्या रविवारी सकाळी, रस्ता थंड असताना, चौकात गेलो आणि ओलांडलंच नाही. कोपऱ्यावर उभं राहून सिग्नलच्या फेऱ्या बघितल्या. बाबांनी घड्याळ लावून सेकंद मोजले. उजवीकडे वळणाऱ्यांपैकी कोण रेषेवर थांबतो, कोण पुढे येऊन थांबतो, ते त्यांनीच मला दाखवायला सुरुवात केली. मग ओलांडलं, आधी बाबा माझ्याबरोबर, मग आई वेगळी. आईला मी पुढे ठेवलं आणि निघायचं कधी ते तिला ठरवू दिलं. तिने दोन फेऱ्या सोडल्या. तिसऱ्या फेरीला पांढरा माणूस आल्या आल्या निघाली, अर्ध्यात मागे वळून बघितलं, आणि पलीकडे पोचल्यावर म्हणाली, "आता ह्यांच्याशिवाय बी जाईन."

जायचा एकच रस्ता ठरवलाय, बदलायचा नाही. दिवस मावळायच्या आत घरी. कडुनिंब, तुमची भीती मला पटली होती, म्हणून संध्याकाळचं दुकान मात्र माझ्याबरोबर गाडीनेच.

एक अडचण राहिलीय. आईचे गुडघे दुखतात, तिला शेवटच्या लेनमध्ये पोचेपर्यंत आकडा शून्यावर येतो. त्या चौकात बटण दाबून धरूनही फरक पडत नाही. पाणंद, याला काही उपाय आहे का?

---

पाणंद | १९ जून, रात्री ११:२५

आहे. शहराच्या वेबसाइटवर सिग्नलबद्दल विनंती नोंदवायची सोय असते, नाहीतर शहराच्या मदत क्रमांकावर फोन करा. 'वेळ कमी पडते' एवढंच लिहू नका. दोन्ही रस्त्यांची नावं, कोणत्या कोपऱ्यावरून कोणत्या कोपऱ्याकडे, कोणत्या वेळी, आणि आकडा शून्यावर आला तेव्हा आई कुठे होत्या, किती लेन उरल्या होत्या, ते लिहा. ज्येष्ठ व्यक्ती रोज वापरतात हे जरूर लिहा. जिथे वयस्क लोक नेहमी ओलांडतात तिथे साडेतीन फुटांपेक्षा कमी वेग धरून वेळ वाढवायची मुभा आमच्या नियमावलीतच आहे, पण कोणी सांगितल्याशिवाय आम्हाला कळत नाही, कारण आमच्या मोजणीत गाड्याच दिसतात.

रस्त्याच्या मध्ये दुभाजक रुंद आहे का, आणि त्यावर बटण आहे का, तेही बघा. असेल तर तोवर आईंना दोन टप्प्यांत ओलांडू दे. अर्ध्यात थांबायचं, तिथलं बटण दाबायचं, पुढच्या फेरीला उरलेला अर्धा.

---

सोनकी | २० जून, सकाळी ६:५०

दुभाजक आहे, बटणही आहे. बाबांनी आत्ताच जाऊन बघितलं. विनंती आज नोंदवते, सेकंदांची वही त्यांच्याकडे तयारच आहे.